बनवाबनवीला हात लावायचा की नाही? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी एका उत्तरात सहज लिहून गेले होते की ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा मराठी सिनेमा कुणी परत केला तर माझी हरकत नाही, फक्त तो का करायचा याचं कारण पाहिजे. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवून यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बरेच जण चिडलेत, काही जणांनी फार विचार करून लिहिलंय, सगळ्यांचे मनापासून आभार. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, तुम्ही असं लिहूच कसं शकता? बनवाबनवी आमच्या घरातला सिनेमा आहे, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना पाठ. लक्ष्या नाही, सुधीर जोशी नाहीत, मग कुणाला घेऊन करणार? असल्या सिनेमांना हात लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. (पुणे)

तुमचा राग मला कळतो, कारण लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघं २००४ मध्येच गेले आणि पुढच्याच वर्षी सुधीर जोशी, तेव्हापासून हा सिनेमा लागला की हसता हसता मध्येच आत काहीतरी हलतं. त्यांच्या जागी दुसरं कुणी मलाही नको आहे. पण तुम्ही म्हणताय ‘असल्या सिनेमांना हात लावूच नये’, तिथे मी अडते, कारण हा नियम १९८८ मध्ये लावला असता तर आपल्याला बनवाबनवी मिळालाच नसता.

तो स्वतःच रिमेक आहे. हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा ‘बीवी और मकान’ बघा, मेहमूद आणि विश्वजीत आहेत त्यात, मित्रांना भाड्याने जागा मिळत नाही कारण घरमालकांना बिऱ्हाड पाहिजे, एकटी पोरं नकोत, म्हणून मित्रांतलेच दोघं बायका बनतात. आणि ती गोष्टही मूळ बंगाली, ‘जय माँ काली बोर्डिंग’ नावाची. म्हणजे बंगालीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत, आणि पुढे बनवाबनवीवरून तेलुगू झाला, हिंदीत २००९ ला ‘पेइंग गेस्ट्स’ आला, आणि २०१७ मध्ये बंगालीत ‘जियो पागला’, म्हणजे गोष्ट भारतभर फिरून परत स्वतःच्या घरी गेली. यातले किती आपल्याला आठवतात? बनवाबनवी आठवतो. मग दिग्दर्शक सचिन पिळगावकर आणि लेखक वसंत सबनीस यांनी असं वेगळं काय केलं हा खरा प्रश्न आहे आणि माझं सगळं म्हणणं त्याच्याच भोवती आहे.

माझ्या मते त्यांनी गाठ, म्हणजे जागेसाठी खोटं बोलायची अडचण, तीच ठेवली आणि बाकी सगळं उसवून नव्याने शिवलं. आडनावंच बघा ना. घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी), हे नाव ऐकलं की पेठेतला जिना, जिन्याखालचा नळ आणि महिन्याच्या पाच तारखेला भाडं मागणारा आवाज डोळ्यासमोर येतो. बंगल्याच्या मालकीण लीलाबाई काळभोर, आता पुण्याच्या माणसाला लोणी काळभोर माहिती असतंच, काळभोर म्हटलं की जमीनजुमला असलेलं घर हे वेगळं सांगावं लागत नाही. सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिलं होतं, त्यांना तमाशाच्या वगातली बतावणी येत होती, एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने हवेतल्या हवेत झेलायचा आणि पलटवायचा. धनंजय माने (अशोक सराफ) आणि सरपोतदार समोरासमोर येतात तेव्हा दोघं तेच तर करतात. मग ते डोहाळेजेवणाचं गाणं! दोन पुरुष साडीत, त्यातल्या एकीला दिवस गेलेत असं सांगितलंय, आणि आजूबाजूला आपल्या घरात होतो तसाच साग्रसंगीत सोहळा. हे मूळ गोष्टीत कसंही असो, मराठीत आल्यावर ते आपल्याच आईच्या आणि मावशीच्या अल्बममधल्या फोटोसारखं झालं.

आता आजचं बोलू. जागेची अडचण संपली का? मी १९९६ मध्ये नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा पहिल्या महिन्यात अकरा घरं बघितली आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच, लग्न झालंय का. शेवटी मी सांगितलं की भाऊ सोबत राहणार आहे. मला भाऊच नाही! घरमालकीण बाई चांगल्या होत्या पण चार महिने रोज विचारायच्या, भाऊ आला नाही का गं अजून, आणि मी रोज नवीन काहीतरी सांगायचे, कधी त्याची परीक्षा, कधी त्याला ताप. तेव्हा बनवाबनवी माझ्यासाठी नुसता विनोदी सिनेमा राहिला नाही हो, त्या चौघांची रात्रीची धाकधूक मला खरी कळायला लागली.

माझी भाची आज त्याच शहरात घर शोधतेय आणि तिचे प्रश्न जास्त वाढलेत. बॅचलर चालणार नाही, नॉनव्हेज चालणार नाही, रात्री दहानंतर मित्र नकोत, सोसायटीच्या कमिटीला भेटा, आणि सगळ्यात आधी ‘आडनाव काय?’ तिच्या ऑफिसमधल्या एका मुलाला फोनवर जागा रिकामी आहे म्हणून सांगतात आणि नाव ऐकल्यावर तीच जागा दहा मिनिटांत गेलेली असते. म्हणजे गाठ जिवंत आहे, नुसती जिवंत नाही तर आणखी घट्ट झालीय. फक्त जुनी युक्ती चालणार नाही. भाडेकरार रजिस्टर करणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, तो आता ऑनलाइन होतो, त्यात आधार नंबर लागतो, अंगठा लागतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते. सिनेमातल्यासारखा परशा (लक्ष्या) पार्वती बनून आला तर पहिल्याच दिवशी मशीनवर अंगठा ठेवताना पकडला जाईल. मग आज खोटं कोण बोलेल, कशाबद्दल बोलेल, किती दिवस निभावेल? लग्न न केलेलं जोडपं नवरा-बायको म्हणून राहील? का कुणीतरी स्वतःचं आडनाव लपवेल? ज्याला या प्रश्नाचं उत्तर सुचलंय त्याने जरूर सिनेमा करावा, मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

पण त्याने नाव बनवाबनवी ठेवू नये, पात्रांना माने आणि सरपोतदार म्हणू नये, आणि ‘सत्तर रुपये वारले’ हा सीन तर अजिबात करू नये. ते सीन आपल्याला श्वासासकट पाठ आहेत, अशोक सराफ उत्तर देण्याआधी किती थांबतात तेवढं सुद्धा पाठ आहे, नवीन नट कितीही चांगला असला तरी प्रेक्षक मनातल्या मनात जुनाच सिनेमा ऐकत बसणार. त्या बिचाऱ्या नटावर तो अन्याय आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की गाठ घ्या, नाव घेऊ नका. तुम्ही ज्या रिमेकला घाबरताय तो नावासाठी केलेला असतो आणि त्याला मी सुद्धा विरोधच करीन.

प्रश्न : मी करमाळा तालुक्यातला. सैराटचं शूटिंग आमच्याकडं झालं. नंतर धडक बघितला आणि लय राग आला, आमचं सगळं काढून टाकलं आणि नुसती गाणी ठेवली असं वाटलं. राग येणं चूक आहे का? (जि. सोलापूर)

अजिबात चूक नाही. आणि तुमचं ‘आमचं सगळं काढून टाकलं’ हे वाक्य मी कित्येक परीक्षणांत शोधत होते, ते तुम्ही एका ओळीत लिहिलंत.

सैराट २९ एप्रिल २०१६ ला आला आणि दोन-सव्वादोन वर्षांत त्याचे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी असे पाच रिमेक झाले, कन्नडमध्ये तर रिंकू राजगुरूच परत नायिका होती. इतक्या घाईत इतके रिमेक झाले याचं कारण सगळ्यांना वाटलं की आपल्याला गोष्ट कळली. श्रीमंत घरातली मुलगी, गरीब घरातला मुलगा, पळून जातात, शेवटी मारले जातात. पण अशा गोष्टी तर शंभर आहेत, सैराट एवढाच नाहीये ना! नागराज मंजुळेंनी त्यात जे रचून ठेवलंय ते बारीक बारीक जागांमध्ये आहे. नायिका आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली मारतो, तो सीन आठवा. सर कोण, त्यांचं आडनाव काय, मारणारा कुणाचा पोरगा, आणि मग त्या मारण्याचं घरात कौतुक होतं की शिक्षा होते, एक शब्द ‘जात’ असा न उच्चारता सगळं समोर ठेवलंय. हा सीन महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात बसलेल्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. आणि आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते ते नुसतं स्टाईल म्हणून नाही, तिच्या बापाची जमीन, बापाची गाडी, बापाचं गाव, त्या जोरावर ती बिनधास्त आहे आणि हैदराबादला झोपडपट्टीत गेल्यावर तो जोर एका रात्रीत गळून पडतो. ती तिथे रडते ना, घाण वास येतो म्हणून, झोप लागत नाही म्हणून, तो भाग मला सगळ्या गाण्यांपेक्षा मोठा वाटतो.

धडकमध्ये, म्हणजे हिंदी रिमेकमध्ये, गोष्ट उदयपूरला नेली, राजघराणं आणलं, बापाची निवडणूक पुढे आणली, जात मागे ढकलली, हैदराबादच्या जागी कोलकाता आलं. गावं बदलली म्हणून माझी तक्रार नाही, राजस्थानात जातीचं वास्तव काय कमी आहे? तिथली गोष्ट तिथल्या डोळ्यांनी सांगितली असती तर तो सिनेमा सैराटच्या बरोबरीने उभा राहिला असता. शेवट सुद्धा बदलला, मुलगी जिवंत राहते आणि नवरा आणि बाळ जातं. सैराटमध्ये दोघं गेल्यावर ते लेकरू रक्तातून पावलं उमटवत चालत जातं आणि आवाजच बंद होतो, थिएटरमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या आजी दिवे लागल्यावर सुद्धा उठल्या नव्हत्या.

एक मात्र सांगते. २०२५ मध्ये ‘धडक २’ आला, तो सैराटचा नाही, मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या तमिळ सिनेमावरून केलेला, आणि त्यात जात लपवलेली नाही, समोर ठेवलीय. तुम्ही रागावून तो बघितला नसेल तर बघा आणि मला कळवा, तुमचं मत मला खरंच हवंय.

प्रश्न : रिमेक मूळ सिनेमापेक्षा चांगला झाला असं एक तरी मराठी उदाहरण द्या. (नाशिक)

‘पिंजरा’.

खूप जणांना हे माहिती नसतं, मला सुद्धा कॉलेज संपेपर्यंत माहिती नव्हतं, की व्ही. शांताराम यांच्या १९७२ च्या पिंजराची मूळ कल्पना १९३० च्या ‘ब्लू एंजल’ या जर्मन सिनेमावरून आली. तिथे एक कडक शिस्तीचा प्रोफेसर कॅबरेत गाणाऱ्या बाईच्या नादाला लागतो आणि शेवटी त्याच स्टेजवर विदूषक होऊन कोंबड्यासारखा आरवतो. मार्लेन डिट्रिच आहे त्यात, मोठा सिनेमा आहे, अंगावर येतो. ‘चांगला’ म्हणजे काय यावर कुणी माझ्याशी भांडू शकतं, मी भांडायला तयार आहे.

पिंजराने काय केलं, कॅबरेच्या जागी तमाशाचा फड आणला एवढंच असतं तर त्याला नुसतं रूपांतर म्हणून सोडून दिलं असतं. पण इथे तमाशाच्या नादाला लागलेले शाळेचे गुरुजी मेले असं गाव समजतं, गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत गुरुजी फडाबरोबर लाचार होऊन फिरत राहतात. पुढे त्याच माणसावर गुरुजींच्या खुनाचा, म्हणजे स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो आणि तो मान्य करतो, कारण गावासमोरचा तो पुतळा त्याला मोडायचा नसतो. हे जर्मन सिनेमात कुठेही नाही! एकट्या माणसाची घसरण होती तिची इथे अख्ख्या गावाची गोष्ट झाली, आदर्श गाव, आदर्श मास्तर, आणि त्या आदर्शाची किंमत कुणी भरायची. १९७२ च्या महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायला धाडस लागत होतं आणि आपल्याकडे पुतळ्यांवरून आजही काय काय होतं ते तुम्ही बघताच. डॉ. लागू, संध्या, निळू फुले, राम कदमांचं संगीत, खेबुडकरांची गाणी, सगळं आहेच, पण माझ्यासाठी पिंजरा तो पुतळा उभा राहतो तिथून मोठा होतो.

दुसरं उदाहरण हलकंफुलकं, महेश कोठारेंचा १९८५ चा ‘धुमधडाका’. मूळ तमिळ सिनेमा १९६४ चा, ‘कादलिक्क नेरमिल्लै’, त्यावरून हिंदीत ‘प्यार किये जा’. पण अशोक सराफांचा तो पाइप आणि ते ‘विख्खी वुख्खू’ फक्त आपलं आहे.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. श्यामची आई मुलांना दाखवायचा आहे. जुना दाखवू की नवीन? नवीन करायची गरज होती का? (रत्नागिरी जिल्हा)

बाई, दोन्ही दाखवा पण मध्ये पुस्तक ठेवा.

२०२३ चा सुजय डहाके यांचा सिनेमा हा आचार्य अत्रेंच्या १९५३ च्या सिनेमाचा रिमेक आहे असं सरसकट म्हटलं जातं, मला ते पूर्ण पटत नाही. दोन्ही सिनेमे एकाच विहिरीवर पाणी भरायला गेलेत, विहीर साने गुरुजींची. गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, एकेका रात्री सांगितलेल्या आठवणी आहेत, एका सिनेमात त्या सगळ्या मावणं शक्यच नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीने आपल्याला लागेल तेवढं काढून घ्यावं हे मला गैर वाटत नाही. अत्रेंच्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, राष्ट्रीय पुरस्कारांचं ते पहिलंच वर्ष होतं, वनमालाबाईंची आई आणि माधव वझेंचा श्याम, त्या मुलाचा चेहरा इतका खरा आहे की आजही डोळ्यात पाणी येतं. नवीन सिनेमा सुद्धा मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट ठेवलाय. ते मला आवडलं, कारण रंगीत करून पोरांना ओढून आणू असा सोपा मार्ग घेतला नाही.

तुमच्या वर्गापुरतं सांगायचं तर मुलं कोकणातलीच आहेत, गोष्ट घडली तो मुलूख त्यांच्या घरामागचाच. आधी पुस्तकातली पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला जप, हे सांगणारी आठवण वाचून दाखवा, मग जुन्या सिनेमातला तो भाग, मग नव्यातला. आणि मुलांनाच विचारा कुणाची आई आपल्या आईसारखी वाटली. मला खात्री आहे वर्गात दोन गट पडतील, पडू द्या.

प्रश्न : एक एक फ्रेम तशीच ठेवून रिमेक केला तर? म्हणजे मूळची तोडफोड होणार नाही. (ठाणे)

हा प्रयोग झालाय. हिचकॉकचा ‘सायको’ १९६० चा, गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये तो जवळपास शॉट टू शॉट परत केला, रंगीत. दोन्ही लागोपाठ बघा. सगळं जागच्या जागी आहे आणि भीतीच वाटत नाही.

प्रश्न : मी आणि माझे मित्र शॉर्टफिल्म करतो. एका जुन्या मराठी सिनेमाचा छोटा रिमेक करायचा विचार आहे, पैसे कमवायचे नाहीत, नुसतं यूट्यूबवर टाकायचंय. परवानगी लागते का? (कोल्हापूर)

लागते. पैसे कमवायचे नाहीत म्हणून परवानगी नको हा गैरसमज आहे आणि त्यापायी मी एका ओळखीच्या ग्रुपची आठ महिन्यांची मेहनत एका नोटिशीत बंद पडलेली बघितलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यानुसार सिनेमाचा हक्क सिनेमा प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं राहतो, आणि सिनेमाच्या बाबतीत पहिला मालक निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. म्हणजे १९८८ चा सिनेमा असेल तर २०४८ संपेपर्यंत थांबा किंवा निर्मात्याकडे जा. बऱ्याच जुन्या सिनेमांचे हक्क पुढे विकले गेलेले असतात, तेव्हा आज ते कुणाकडे आहेत हे आधी शोधा, आणि जे काही ठरेल ते कागदावर घ्या, फोनवर ‘हो हो करा’ म्हणाले म्हणून सुरू करू नका.

दुसरी बाजू अशी की सिनेमाचा हक्क वेगळा आणि तो ज्या कथेवरून, नाटकावरून झाला तिचा हक्क वेगळा. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन आता कुणीही वापरू शकतं. पण १९६५ चं एखादं नाटक असेल आणि लेखक १९९५ ला गेले असतील तर तो हक्क अजून त्यांच्या घरच्यांकडे किंवा ज्यांना दिला त्यांच्याकडे आहे. तुमच्या नेमक्या केससाठी वकिलाला भेटाच, एका भेटीची फी शूटिंगच्या एका दिवसापेक्षा कमी पडते.

आणि एक विनंती, तुम्ही कोणता सिनेमा निवडलाय ते पत्रात लिहिलं नाहीत, पण तो सगळ्यांच्या तोंडपाठ असलेला असेल तर परत विचार करा. आपल्याकडे अशा किती गोष्टी आहेत ज्यांची कल्पना झकास होती पण पैसे कमी पडले, कास्टिंग चुकलं, नीट रिलीज झाला नाही, आणि आता कुणाला नावही आठवत नाही. रिमेकची खरी गरज त्यांना आहे हो! बनवाबनवीच्या आधीचा हिंदी सिनेमा आज किती लोकांना आठवतो ते वर लिहिलंच आहे. लायब्ररीत बसून जुन्या मासिकांतली सिनेमाची पानं चाळा, जुन्या लोकांना विचारा की चांगला असून पडलेला सिनेमा कोणता, प्रत्येकाकडे एक तरी नाव असतं.

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत वाढली, वय १४. मराठी समजतं, बोलते पण. सुट्टीत आली की मी हौसेने बनवाबनवी लावतो आणि ती दहा मिनिटांत उठून जाते. म्हणून मला वाटतं की या मुलांसाठी तरी नवीन काढावा. तुमचं मत? (डोंबिवली)

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळे जण नको नको म्हणत असताना तुम्ही एकटे हो म्हणताय आणि तेही नातीसाठी, त्यामुळे उत्तर जपून देते.

आधी मला सांगा तुम्ही कोणती प्रिंट लावता? टीव्हीवरून रेकॉर्ड झालेली किंवा कुणीतरी कुठूनतरी अपलोड केलेली असेल तर रंग उडालेले असतात, चेहरे लालसर, कडा कापलेल्या, आवाजात खरखर. तुम्हाला आणि मला ते दिसत नाही कारण आपण मनातली चांगली प्रिंट बघत असतो, पण चौदा वर्षांच्या मुलीला जे समोर आहे तेच दिसतं, ती उठून जाते ते सिनेमाला कंटाळून नाही, त्या पुसट चित्राला कंटाळून. २०२५ मध्ये ‘शोले’ची नवीन स्वच्छ केलेली प्रिंट इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली, कापलेला मूळ शेवट परत जोडून, पन्नास वर्षांनी लोक परत थिएटरात बसले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आपल्या घरापासून दोन तासांवर, आणि तरी आपले किती मराठी सिनेमे आज चांगल्या अवस्थेत बघायला मिळतात? नव्या रिमेकवर कोट्यवधी रुपये घालण्याआधी त्यातले थोडे जुन्या निगेटिव्ह शोधायला, स्वच्छ करायला आणि नीट सबटायटल्स लिहून घ्यायला घातले तर तुमच्या नातीसारख्या हजारो मुलांना जुनाच सिनेमा नवा होऊन मिळेल. मला हे तळमळीने वाटतं आणि निर्मात्यांपैकी कुणी हे सदर वाचत असेल तर त्यांनी ही हात जोडून केलेली विनंती समजावी.

सबटायटल्स म्हटलं ते सुद्धा साधं काम नाही. सत्तर रुपये वारले यात हसू कुठे आहे? ‘वारले’ हा शब्द आपण फक्त माणसासाठी वापरतो, तेही मान देऊन, आजोबा वारले, अमुक साहेब वारले, आणि तो इथे औषधासाठी दिलेल्या पैशांना लावलाय, तेही दुखवट्याच्या सुरात. इंग्रजीत नुसतं पैसे गेले असं लिहिलं की संपलं, खाली वाचणाऱ्या पोरीला कळणारच नाही की सोफ्यावर आजोबा का लोळतायत.

तेव्हा पुढच्या सुट्टीत एक करून बघा. चांगली प्रिंट मिळवा, पहिल्यापासून लावू नका, आदल्या दिवशी जेवताना तिला वारले या शब्दाचं सांगा, कुणासाठी वापरतात, कसा म्हणतात, तुमच्या घरातलंच कुणाचं तरी उदाहरण द्या. आणि दुसऱ्या दिवशी फक्त तो एकच सीन लावा आणि बंद करा. तिने पुढचा मागितला तर मला कळवा, नाही मागितला तरी कळवा.